चाकांतील हवा : भार आणि आराम



मोटारगाडी कशावर उभी असते, असें विचारलें तर कोणीही सांगेल कीं चार चाकांवर. चाक कशावर उभें असतें, तर रबरी टायरवर. आणि टायर कशावर उभा असतो? या तिसऱ्या प्रश्नाशीं बहुतेक जण क्षणभर थबकतात. टायर उभा असतो तो हवेवर. हवा काढून घेतली कीं तोच भक्कम दिसणारा टायर चाकाखालीं चिंधीसारखा लोळतो. गाडी, तिच्यांत बसलेलीं माणसें आणि त्यांचें सामानसुमान हा सर्व भार मुख्यतः कोंडलेली हवा उचलते. रबर, सूत आणि पोलाद यांचें काम त्या हवेला कोंडून धरण्याचें. एवढी एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली, तर पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व तिच्यांतूनच निघतें.

आजचा विषय आहे ओझें ओढणाऱ्या ट्रकचे टायर : ते कसे निवडावे आणि त्यांत हवा किती भरावी. शहरांतील कुटुंबांना ट्रकच्या कारभाराशीं काय कर्तव्य, अशी शंका आपणांस येईल. पण अमेरिकेंत पिकअप नांवाचा जो ट्रक असतो, तो केवळ मालवाहू नव्हे. तें घरचें वाहन आहे. पुढें ऐसपैस बैठक, मागें उघडा हौदा. आठवड्याचे पांच दिवस त्यांतूनच कचेरीस जावयाचें आणि सुटी लागली कीं त्याच्याच मागें होडीचा, घोड्यांचा किंवा फिरत्या घराचा ट्रेलर जोडून दूरवर जावयाचें. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें तिकडे स्थायिक झालीं आहेत, आणि आईवडील भेटीस गेले म्हणजे अशाच गाडींत बसून तिकडचा मुलूख पाहतात. शिवाय त्या ट्रकला लागू पडणारा नियम आपल्या दारांतील लहान मोटारीलाही लागू पडतो, हें शेवटीं दिसून येईल.

या ट्रकच्या टायरकडून दोन परस्परविरुद्ध मागण्या केल्या जातात. कचेरीस जातांना तो मऊ हवा. खड्डा जाणवूं नये, पाठ दुखूं नये. ट्रेलर जोडला कीं तोच टायर कणखर हवा. भार आणि आराम यांचा हा झगडा टायरच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत. ती भार उत्तम पेली, पण खडीच्या रस्त्यावर बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं करी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचा हक्क नोंदविला. पण त्या काळीं ती कल्पना रुजली नाहीं. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसविले. मुलाला खडबडीत रस्त्यावर सुखानें सायकल चालवितां यावी, एवढाच हेतु. १८९५ मध्यें मिशलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्डो-पॅरिस या शर्यतींत हवेच्या टायरांची मोटार पळवून दाखविली. म्हणजे हवेचें चाक जन्मलें तें आरामासाठीं. भार वाहण्याची जबाबदारी त्याच्या गळ्यांत मागाहून पडली.

आतां एक सोपें गणित करूं. पंपावर आपण ‘बत्तीस पौंड हवा भर’ असें म्हणतों, त्याचा अर्थ आंतील हवा टायरच्या दर चौरस इंचावर ३२ पौंडांचा जोर लावते. समजा, एका चाकावर १,००० पौंड भार आहे आणि टायरांत हवा ३० पौंड आहे. हजाराला तिसानें भागा. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग सुमारें ३३ चौरस इंच, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा, येईल. हवा २६ पौंड केली तर तो भाग ३८ चौरस इंच होतो, आणि २० केली तर ५०. टायरच्या बाजूही थोडाबहुत भार पेलतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण त्याचा रोख खरा आहे. हवा कमी केली कीं टायर अधिक चेपतो. चेपलेला टायर रस्त्यावरील दगड-खड्डे पोटांत घेतो, म्हणून बसणाऱ्यास बरें वाटतें. आराम आणि भार हीं दोन्हीं एकाच थैलींतून खर्च होतात, ती अशी.

पण चेपण्याची किंमत असते. लोखंडी तार एकाच जागीं वारंवार वांकवून पाहा. ती जागा ऊन होते आणि अखेरीस तुटते. टायरचें तसेंच आहे. मध्यम आकाराच्या गाडीचें चाक एका किलोमीटरांत चारशेंहून अधिक फेरे घेतें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जातांना टायरचा प्रत्येक भाग दर सेकंदास दहाहून अधिक वेळां चेपतो आणि उलगडतो. हवा जितकी कमी, भार जितका अधिक, वेग जितका मोठा आणि दिवस जितका कडक, तितकी उष्णता वाढत जाते. टायरच्या आंत, नक्षीच्या खालीं, पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक बसविलेले असतात. ही उष्णता त्या पट्ट्यांच्या कडांशीं रबराची पकड ढिली करते. पकड सुटली कीं वरची नक्षी पट्ट्यासकट सालीसारखी सोलून निघते. आणि हें घडतें तें बहुधा भर वेगांत.

या प्रकाराचें एक मोठें उदाहरण जगासमोर आहे. फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नांवाची गाडी १९९० सालीं अमेरिकेच्या बाजारांत आली. ती याच कंपनीच्या लहान पिकअपवरून बेतलेली, उंच, आणि कुटुंबास सोयीची अशी होती. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर बसविलेले असत आणि त्यांत हवा २६ पौंड भरावी, अशी कंपनीची सूचना होती. गाडी मऊ चालावी आणि वळणावर कलंडूं नये, असा दुहेरी विचार त्या आंकड्यामागें होता. पुढें त्या टायरांची नक्षी सुटून गाड्या उलटल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. अपघात विशेषेंकरून टेक्सास, फ्लॉरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा उष्ण प्रांतांत होत. अखेर ९ ऑगस्ट २००० रोजीं टायर-कंपनीनें सुमारें ६५ लाख टायर परत मागविले. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या नोंदींप्रमाणें या अपघातांत अडीचशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

मग दोष कोणाचा? टायर-कंपनी म्हणाली, हवा ३० पौंड असावयास हवी होती आणि गाडीची घडणच कलंडणारी आहे. मोटार-कंपनी म्हणाली, २६ पौंड हवेवरच दुसऱ्या एका कंपनीचे टायर आमच्या गाड्यांवर नीट चालले आहेत. दोष तुमच्या टायरांत आहे. जवळजवळ शंभर वर्षांचा या दोन घराण्यांचा व्यवहार मे २००१ मध्यें तुटला. त्याच वर्षीं सरकारी तपासांत निष्कर्ष निघाला कीं त्या टायरांतील पट्ट्यांच्या कडांची बांधणी मुळांत दुबळी होती. तेव्हां सगळा दोष हवेच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु सामान्य माणसानें घ्यावयाचा धडा निराळाच आहे. चांगल्या टायरांतूनही महिन्यास सुमारें एक पौंड हवा आपोआप निघून जाते. ज्यानें ३५ पौंडांपासून आरंभ केला, त्याच्याजवळ सहा महिन्यांच्या दुर्लक्षानंतर २९ उरतात. ज्यानें आरामासाठीं २६ पासूनच आरंभ केला, त्याच्याजवळ २० उरतात. आणि त्याच आठवड्यांत तो चार माणसें व सुटीचें सामान घेऊन उन्हांतून निघतो. टायरांत कोठें दुबळेपणा दडलेला असेल, तर तो उघडा पडण्याची वेळ हीच. हवेंतील शिल्लक ही आपल्या हातची असते. कारखान्यांतील चूक आपल्या हातची नसते.

या प्रकरणानंतर, १ नोव्हेंबर २००० रोजीं, अमेरिकेंत नवा कायदा झाला. त्याचें फळ म्हणून सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीला आणि हलक्या ट्रकला हवेचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. पण हा दिवा हवा २५ टक्क्यांनीं घटल्यावरच लागला पाहिजे, एवढीच कायद्याची अट आहे. दिवा लागला नाहीं म्हणजे हवा पुरेशी आहे, असें समजूं नये.

आतां टायरच्या निवडीकडे वळूं. अमेरिकेंतील टायरच्या बाजूवर आकाराच्या आंकड्यांपूर्वीं अक्षरें छापलेलीं असतात. ‘पी’ म्हणजे प्रवासी मोटारीचा टायर, ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा, ‘एसटी’ म्हणजे केवळ ट्रेलरचा. पी टायर मऊ आणि वजनानें हलका. त्याची कमाल हवा बहुधा ३५ ते ४४ पौंडांच्या घरांत असते. एलटी टायरच्या बाजू जाड, अंग कणखर. त्याचे सी, डी आणि ई असे दर्जे असून त्यांचा पूर्ण भार बहुधा अनुक्रमें ५०, ६५ आणि ८० पौंड हवेवर मोजलेला असतो. ई दर्जाला लोक ‘दहा पदरी’ म्हणतात. पण आजच्या टायरांत दहा पदर नसतात. सुती पदरांच्या काळांतील ही मोजणी केवळ बळाचें माप म्हणून उरली आहे.

ज्याचा ट्रक वर्षांतून दोन वेळां हलकी होडी ओढतो आणि एरवीं रिकामाच धांवतो, त्यानें दहा पदरी टायर घेतले तर वर्षाचे उरलेले दिवस तो उगाच धक्के खाईल. ज्याला दर पंधरवड्यास जड ट्रेलर ओढावयाचा आहे, त्यानें मऊपणाचा मोह धरूं नये. आपण कोणत्या वर्गांत आहों हें अंदाजानें ठरवूं नये, गणितानें ठरवावें. तें असें.

समजा, ट्रेलर ६,००० पौंडांचा आहे. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग दांडीवर, म्हणजे ट्रकच्या मागील जोडणीवर, पडावा असा संकेत आहे. बैलगाडी भरणाऱ्यास याचें मर्म ठाऊक असतें. ओझें फार मागें गेलें तर गाडी उलाळते, फार पुढें आलें तर बैलांच्या मानेवर बसतें. ट्रेलरची दांडी फार हलकी राहिली तर तो वेगांत शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावूं लागतो. आपण बारा टक्के धरूं. म्हणजे दांडीवर ७२० पौंड आले. आतां ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आंसांत बारा फूट अंतर आहे आणि जोडणी मागच्या आंसाच्याही मागें चार फुटांवर आहे, असें समजा. तरफेच्या नियमानें मागच्या आंसावर ७२० नव्हे, तर ७२० गुणिलें १६ भागिलें १२, म्हणजे ९६० पौंड वाढतात. आणि पुढच्या आंसावरील २४० पौंड उचलले जातात. भार वांटून देणारी विशेष जोडणी वापरली तर यांतील कांहीं भाग पुन्हां पुढें नेतां येतो. साध्या जोडणीला ती सोय नाहीं.

मागच्या आंसावर मूळचे २,८०० पौंड होते, हौद्यांतील सामान आणि मागें बसलेलीं माणसें यांचे ६४० धरूं, आणि दांडीमुळें ९६०. बेरीज ४,४००; म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर २,२०० पौंड. आतां टायर पाहूं. त्याच्या बाजूवर, आकाराच्या पुढें, भाराचा एक सांकेतिक आंकडा असतो. समजा, तो १११ आहे. कोष्टकांत १११ म्हणजे १,०९० किलो, अर्थात् २,४०३ पौंड. वरवर पाहतां पुरेसा. पण पी टायर मोटारीऐवजीं ट्रकला लावला तर त्याच्या क्षमतेला १.१० नें भागावें, असा तेथील नियम आहे. कारण ट्रकला अधिक कष्ट पडतात. भागाकार येतो सुमारें २,१८४. म्हणजे हवा पुरेपूर भरली तरीही हा टायर सोळा पौंडांनीं उणा पडला. आणि हवा कमी असेल तर उणीव आणखी वाढेल. डोळ्यांना हा टायर धडधाकट दिसतो. त्याची उणीव दिसते ती केवळ पाटीवरील गणितांत. अशा वेळीं मार्ग दोनच : ओझें कमी करावें, किंवा एलटी टायर घ्यावा. मोजमाप खात्रीचें हवें असेल तर प्रवासास निघण्यापूर्वीं भरलेला ट्रक सार्वजनिक वजनकाट्यावर घालून प्रत्येक आंसाचा भार पाहावा. अर्ध्या तासाचें हें काम पुष्कळ चिंता वांचवितें.

येथें एक फसगत टाळावी. एलटी टायर बळकट आहे, म्हणून त्यांत जुन्या पी टायराइतकीच हवा भरली तरी चालेल, असें अनेकांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. तोच भार पेलण्यास एलटी टायरला अधिक हवा लागते. जाड टायर घेऊन त्यांत ३५ पौंड हवा भरणें म्हणजे बळकट पोतें आणून तें अर्धेंच भरणें होय.

आतां हवा किती भरावी? चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तींत पुढच्या व मागच्या टायरांचे आंकडे दिलेले असतात. मूळ आकाराचे टायर असतील तर हाच आंकडा प्रमाण मानावा. टायरच्या बाजूवर जो मोठा आंकडा छापलेला असतो, ती त्या टायरची मर्यादा आहे. रोज तितकी हवा भरावी अशी ती आज्ञा नव्हे. रिकाम्या ट्रकांत ८० पौंड हवा भरली तर टायर मधोमधच रस्त्याला टेकतो, नक्षी मध्येंच झिजते, मागचा भाग उड्या मारतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. उलट ट्रेलर जोडल्यावर मागच्या टायरांतील हवा भाराच्या कोष्टकाप्रमाणें वाढवावी; बाजूवरील मर्यादा मात्र ओलांडूं नये. ओझें उतरलें कीं हवा पुन्हां पूर्वपदावर आणावी. परंतु चिठ्ठीवरील आंकड्याच्या खालीं जाऊं नये. रिकाम्या गाडीसाठीं कारखानदारानें पुस्तिकेंत निराळा आंकडा दिला असेल, तर तेवढाच अपवाद. आराम हवा तो या चौकटींत बसवावा. कोणी सांगतात कीं नायट्रोजन भरला म्हणजे काळजी मिटली. साध्या हवेंतच सुमारें ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्या भागासाठीं पैसे मोजले तरी हवा मोजण्याची जरूरी संपत नाहीं.

ट्रेलरच्या टायरांचा न्याय निराळा. ट्रेलरमध्यें कोणी बसत नाहीं, म्हणून तेथें आरामाचा प्रश्न नाहीं. एसटी टायरांत सामान्यतः बाजूवरील कमाल आंकड्याइतकी हवा भरतात. निराळा उल्लेख नसेल तर त्यांची वेगमर्यादा ताशीं ६५ मैल, म्हणजे सुमारें १०५ किलोमीटर, समजतात. हे टायर झिजण्यापूर्वींच म्हातारे होतात. कारण ट्रेलर वर्षांतील बराच काळ अंगणांत उन्हांत उभा असतो. टायरच्या बाजूवरील नोंदणी-क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याचें वय सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी हे अंक वाचल्यावांचून लांबच्या प्रवासास निघूं नये.

हवा मोजावी ती टायर थंड असतांना. गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. सकाळची वेळ उत्तम. हवामान सुमारें साडेपांच अंश सेल्सियसनें उतरलें कीं ३५ पौंडांच्या टायरांत सुमारें एक पौंड घट होते. ८० पौंडांच्या टायरांत त्याहून अधिक. गाडी चालल्यावर टायर तापतो आणि मापकाचा कांटा कांहीं पौंड वर चढतो. तो पाहून घाबरून हवा सोडूं नये. ही वाढ धरूनच चिठ्ठीवरील आंकडा ठरविलेला असतो. तापलेल्या टायरांतून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशीं तीच गाडी कमी हवेवर निघते.

आतां आपल्या घराकडे येऊं. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्यें खुला झाला. सुमारें ७०१ किलोमीटरांचा, सिमेंटचा, सरळ रस्ता. मोटारींना सपाट भागांत ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मोकळीक. एरवीं शहरांत ताशीं तीस-चाळीसच्या गतीनें फिरणारी आपली मोटार उन्हाळ्याच्या सुटींत या रस्त्यावर येते, तेव्हां तिच्यांत पांचांच्या जागीं सहा माणसें, मागें पेट्या आणि टपावर गांठोडीं असतात. शहरांत खड्डे लागूं नयेत म्हणून कोणी हवा दोनचार पौंड कमीच ठेवलेली असते. भार, वेग, ऊन आणि कमी हवा, हीं चारही कारणें येथें एकत्र येतात. आपल्याकडील गाड्यांच्या चिठ्ठीवरही बहुधा दोन रकाने असतात : एक थोड्या माणसांसाठीं, दुसरा भरलेल्या गाडीसाठीं. दुसरा रकाना क्वचितच कोणी वाचतो. आणि मागें ठेवलेली स्टेपनी? तिची हवा तर पंक्चर झाल्यावरच आठवते.

म्हणून गृहिणी-गृहस्थांस माझी विनंति एवढीच आहे. हवा मोजण्याचें लहानसें मापक घरांत ठेवावें. त्याला फारशी किंमत पडत नाहीं. महिन्यांतून एका सकाळीं, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वीं, पांचही टायर मोजावेत. हें काम मुलांकडे सोंपवावें. आंकडा वहींत लिहून ठेवण्यास सांगावें. शाळेंत शिकलेला भागाकार अशा कामीं येतो, हें पाहून त्यांस गणिताची थोडी गोडीही लागेल. गाडींत किती जण बसणार, सामान किती जाणार, मागें कांहीं ओढावयाचें आहे काय, हें प्रथम ठरवावें; हवा त्यानंतर ठरवावी. भार बदलला कीं हवा बदलली पाहिजे.